बंद नंबरांचं पान

कौसल्या त्या ऑफिसात लागली तेव्हा पाठवलेल्या शंभर संदेशांपैकी जेमतेम अठ्ठावन्न पोचत होते.

२००७ सालची गोष्ट. जालन्यात गांधी चमनजवळ, एका कापड दुकानाच्या माडीवर हीरालालनं दोन कॉम्प्युटर टाकून मोबाइलवर एकगठ्ठा संदेश पाठवायचं ऑफिस काढलं होतं. बियाण्यांचे दुकानदार, शिकवणीवाले, साड्यांच्या सेलवाले अशी गिऱ्हाइकं होती. पण सगळ्यांत मोठं आणि घरचं काम होतं ते त्याचे काका झुंबरलालजी यांच्या ट्रस्टचं. हा ट्रस्ट खेडोपाडी डोळ्यांची शिबिरं घ्यायचा, मोतीबिंदूचे म्हातारे-म्हाताऱ्या जालन्याला आणून फुकट ऑपरेशन करून द्यायचा. ऑपरेशननंतर तिसऱ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी तपासणीला यायचं असे. निम्मे लोक यायचेच नाहीत. म्हणून संदेश.

कौसल्या मूळची कुंभार पिंपळगाव ह्या गावची. बी.ए. झालेली, लग्न होऊन जालन्यात आलेली. आधी एका बियाणे कंपनीत ती दिवसभर नोंदी टाइप करायची. हीरालालनं तिला घेतलं ते एवढ्याच कामासाठी.

"ताई, बाकीचे बेचाळीस कुठं चाललेत, तेवढं मला शोधून द्या," तो म्हणाला. "काकाजी दर महिन्याला इचारतेत. मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

कौसल्यानं मनापासून शोधलं. ट्रस्टची शिबिरातली रजिस्टरं मागवून घेतली आणि एकेक नंबर पडताळला. कुठं नऊच आकडे होते, कुठं एकाचा सात झाला होता. पुष्कळांचा स्वतःचा फोनच नव्हता. पुतण्याचा, शेजाऱ्याचा, नाहीतर किराणा दुकानदाराचा नंबर लिहिलेला. मग तिला कळलं की मराठी अक्षरांतला संदेश जुन्या फोनवर नुसत्या चौकोनी डब्या होऊन उमटतो. तिनं मजकूर निम्मा केला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली.

सगळ्यांत मोठी गोष्ट तिला वडील कारभारी यांच्याशी फोनवर बोलताना सापडली. "दिवसा कुठं लागतो बाई फोन," कारभारी म्हणाले होते. "बारा घंटे लाइट न्हाई. बॅटरी मरून पडती." संदेश काही तास वाट पाहतो आणि मग रद्द होतो, हे तिला माहीत होतं. तिनं अंबडच्या सबस्टेशनला फोन लावला.

"लोडशेडिंगचं टाइमटेबल?" तिकडचा ऑपरेटर चकित झाला. "बाई, तुमची मोटार कोणत्या लाइनवर हाय?"

"मोटार न्हाई भाऊ. फोन हायेत. साडेअकराशे."

तो हसला, पण त्यानं वेळा सांगितल्या. पुढं दर सोमवारी तो स्वतःच सांगू लागला. कौसल्यानं गावांचे गट पाडले आणि ज्या गावात लाइट येऊन दोन तास झालेत त्याच गावाला त्या वेळी संदेश सोडायला लागली. दिवाळीपर्यंत आकडा चौऱ्याऐंशीवर गेला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की तपासणीला आता रांग लागते. त्या दिवशी कौसल्या घरी जाताना पेढे घेऊन गेली.

तिथंच आकडा थांबला.

उरलेल्या सोळांवर तिचा कोणताच उपाय चालेना. कुणाच्या वस्तीवर टॉवर पकडत नव्हता, कुणी फोन विकला होता, कुणाचा कायमच बंद. हीरालालला औरंगाबादचं एक मोठं गिऱ्हाईक मिळायची आशा होती. ते लोक नव्वदच्या खालचं बोलूच नका म्हणत होते.

"ताई, जरा अजून सरकवा," तो रोज म्हणायचा. रागावून कधीच नाही. त्यामुळं तिला जास्त लागायचं.

जानेवारीतल्या एका दुपारी कौसल्यानं एक्सेलमध्ये नवं पान उघडलं. त्याला नाव दिलं 'बंद'. ओळीनं तीन संदेश ज्यांना पोचले नव्हते ते एकशे त्रेचाळीस नंबर तिनं मुख्य यादीतून उचलून त्या पानावर ठेवले. पुढच्या खेपेला रिपोर्ट आला शहाण्णव टक्के.

ती बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसली. तिनं स्वतःला सांगितलं, ह्या लोकांना तसंही काही मिळतच नव्हतं. त्यांचं आपण काय काढून घेतलं? शिवाय दर महिन्याला हे पान उघडून एकेकाला फोन लावायचा, असंही तिनं ठरवलं. फेब्रुवारीत सवड झाली नाही. मार्चमध्ये ते पान उघडलं ते नवे नंबर टाकायला. कुणाचा एक संदेश पोचला नाही तरी आता ती तो नंबर तिकडं टाकू लागली होती. हीरालालला तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

मार्चअखेर ट्रस्टच्या वार्षिक कार्यक्रमात झुंबरलालजींनी तिला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, आवाज बारीक. माइकवर म्हणाले, "ह्या मुलीनं आपला निरोप घराघरात पोचवला. शंभरातल्या शहाण्णव घरांत." त्यांच्या पत्नी इचरजबाईंनी तिची खणानारळानं ओटी भरली. कारभारी खास गावाहून आले होते, दुसऱ्या रांगेत टोपी सारखी करत बसले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा कौसल्याला त्यांच्याकडं बघवलं नाही. नमस्कार करून ती पटकन खाली उतरली. घरी गेल्यावर शाल तिनं ट्रंकेत तळाशी ठेवली.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, झुंबरलालजी स्वतः माडीचा जिना चढून आले. मागं डॉक्टरीणबाई होत्या.

डॉक्टरीणबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं. कालपासून तीन रुग्ण डोळे लाल होऊन, सुजून आले होते. तिघांना एकाच खेपेतले थेंब दिले होते. त्या बाटल्यांतच दोष असावा असा त्यांना दाट संशय होता. गेल्या तीन आठवड्यांत दोनशे बारा लोकांना ती बाटली दिली होती.

"थेंब ताबडतोब बंद, आणि बाटली घेऊन दवाखान्यात या. हे आजच्या आज प्रत्येकाला कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकेक दिवस महत्त्वाचा आहे."

कौसल्यानं मजकूर टाइप केला. यादी उघडली, दोनदा वाचून संदेश सोडला. लाइटीची वेळ नसलेल्या गावांना एक वाजता पुन्हा सोडला. सगळे तिथंच बसून राहिले, चहा गार झाला. दोन वाजता रिपोर्ट पूर्ण झाला.

"किती?" झुंबरलालजींनी विचारलं.

हीरालाल तिच्या खांद्यावरून वाचत होता. "एकशे सत्त्याऐंशी पोचले काकाजी. सहा न्हाई पोचले. सत्त्याण्णव टक्के!"

"सहाच ना? मंग बराबर हाय. त्या सहा जणांकडं जीप पाठवा. नावं द्या, गावं द्या. जल्दी."

एकशे सत्त्याऐंशी आणि सहा म्हणजे एकशे त्र्याण्णव. बाटल्या दिल्या होत्या दोनशे बारा. खोलीत चार माणसं होती आणि ती वजाबाकी एकट्या कौसल्याला दिसत होती. एकोणीस माणसं 'बंद'च्या पानावर होती. त्यांना संदेश गेलाच नव्हता, म्हणून ती न पोचलेल्यांतही नव्हती. जीप त्यांच्याकडं जाणार नव्हती.

तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं. तेवढ्यात झुंबरलालजी उठले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, तू नसतीस तर आज आम्ही गावोगाव दवंडी देत फिरलो असतो."

कौसल्यानं मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

ते गेल्यावर तिनं सहा नावं प्रिंट करून हीरालालला दिली. मग बाहेरच्या गच्चीवर जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून एकोणिसांना फोन लावायला सुरुवात केली. मनात एकच हिशेब होता, कुणाला कळायच्या आत ही एकोणीस माणसं गाठायची, म्हणजे झालं. जिथं लागत नव्हतं तिथं त्याच गावातल्या दुसऱ्या रुग्णाला फोन करून निरोप द्यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत बारा जण सापडले. जे काम दोन-अडीच तासांत झालं, ते तिनं चार महिन्यांत केलं नव्हतं.

बुधवारी आणखी चार सापडले. तीन राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं. जीप दवाखान्याच्या दारात उभी होती, सहाही जणांना आणून झालं होतं. कौसल्या दोनदा हीरालालच्या टेबलापाशी गेली. एकदा त्यानं विचारलं, "काय ताई?" ती म्हणाली, "उद्या सुट्टी पाहिजे. आईची तब्येत बरी न्हाई."

आई ठणठणीत होती.

गुरुवारी सकाळच्या बसनं ती अंबडला उतरली. पहिले होते पुंजाराम, कोर्टामागच्या गल्लीतले. थेंब झोंबतात म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी बाटली खिडकीबाहेर फेकली होती. डोळा स्वच्छ होता. दुसरी बाई परभणीला लेकीकडं गेलेली. शेजारणीकडून लेकीचा नंबर मिळाला, फोन लागला, बाटली संपून आठवडा झाला होता आणि काही त्रास नव्हता. दोन ठिकाणी असं निभावल्यावर कौसल्याला हुरूप आला. तिला वाटलं, सुटलो आपण.

तिसरं गाव अंतरवाली सराटी. वडीगोद्रीला बसमधून उतरून ती काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसली. चौकातल्या हॉटेलात विचारलं तर चहावाल्यानं हातानंच घर दाखवलं. "साळूबाईचं ना? ते पत्र्याचं. सून हाय घरी."

सून नंदाबाई ओट्यावर तुरी निवडत होती. तिशीची, उभ्या अंगाची. दवाखान्यातून आलेय म्हटल्यावर तिनं लगबगीनं पाणी आणलं.

"बरं झालं बाई तुम्ही आलात. आत्याचा डोळा लई लाल झालाय परवापासून. आज जायचंच म्हणून राह्यलो होतो, पण घरचे मळ्यात गेल्ते, गाडी न्हाई. मी म्हटलं, औषध चालू हाय, कमी येईल."

साळूबाई आत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. कौसल्यानं त्यांना हळूच वळवलं. पापणी फुगून बंद झाली होती, कडेनं पिवळा चिकटा. म्हातारी कण्हत नव्हती, नुसती मुठी आवळून होती.

"थेंब... थेंब कधी टाकले?"

"आत्ताच. घंटाबी न्हाई झाला." नंदाबाई कोनाड्यातली बाटली घेऊन आली. बाटलीखाली कागद होता, त्यावर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या, चाराचाराचे गठ्ठे. "डॉक्टरीणबाईनं दिवसातून चारदा सांगितलं होतं. मी घड्याळ लावून टाकते. एक पाळी चुकवली न्हाई. लाल झाल्यावर तर मी सहा येळा टाकून राह्यले."

कौसल्यानं तो कागद हातात घेतला. मंगळवार सकाळपासूनच्या रेघा तिनं मोजल्या. सोळा.

"वहिनी, हे थेंब आता टाकू नका," ती म्हणाली. "आजीला आत्ताच्या आत्ता जालन्याला न्यायचं."

चहावाल्याच्या भावाची जीप मिळाली. साळूबाईंचं डोकं नंदाबाईच्या मांडीवर होतं आणि हात कौसल्याच्या हातात. अंबडच्या पुढं रस्ता खराब होता, प्रत्येक दणक्याला म्हातारीची पकड घट्ट व्हायची.

"कुणाची गं लेक तू?" साळूबाईंनी विचारलं.

"कुंभार पिंपळगावची. कारभाऱ्याची."

"एवढ्या उन्हात माझ्यासाठी आलीस. पोटच्या पोरीवाणी." मग सुनेला म्हणाल्या, "नंदे, घरी गेल्यावर हिला शेंगा दे बांधून."

कौसल्यानं खिडकीबाहेर तोंड वळवलं. नांगरून उघडी पडलेली रानं मागं जात होती. उरलेल्या वाटेत ती एवढंच बोलली, "थोडं राहिलं आजी, थोडं राहिलं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी साळूबाईंना लगेच आत घेतलं. पाऊण तासानं बाहेर आल्या तेव्हा झुंबरलालजी आणि हीरालाल दोघंही व्हरांड्यात येऊन थांबले होते. बाकीच्या रुग्णांना बघायला ते रोज संध्याकाळी येत होते.

"डोळा काढावा लागणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नजर पूर्ण येईल असं वाटत नाही. उजेड कळेल, माणूस उभा आहे एवढं कळेल. मंगळवारी आल्या असत्या तर..." त्यांनी नंदाबाईकडं बघितलं. "तुम्हाला मंगळवारी फोनवर निरोप आला नाही का?"

नंदाबाई एकदम कावरीबावरी झाली. पदर सावरत म्हणाली, "आला असंल बाई. आमचाच फोन बंद राहतो. लाइट आली की मी चार्जिंगला लावते, पण कधी इसरते. आमचीच चूक हाय."

ती रडायला लागली. डॉक्टरीणबाई तिला आत सासूजवळ घेऊन गेल्या.

व्हरांड्यात तिघं राहिले. झुंबरलालजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सत्त्याण्णवातली कशी राहिली ही? का त्या सहांतली होती?"

"कोणत्यातच नव्हती," कौसल्या म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. जानेवारीतली दुपार, एकशे त्रेचाळीस नंबर, शहाण्णवचा आकडा, शाल घेतली ते, मंगळवारची वजाबाकी, गच्चीवरून केलेले फोन, आईच्या आजारपणाचं खोटं. ती उभ्यानंच बोलली, मध्ये थांबली नाही. बाकावर बसलेले रुग्णांचे दोन नातेवाईक ऐकत होते, तेही तिला दिसत होतं.

हीरालालचा चेहरा उतरला. "ताई, हे इथं बोलायचं न्हाई. ऑफिसात बोलू."

"बोलू दे तिला," झुंबरलालजी म्हणाले.

तिचं सांगून संपल्यावर ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. ते ओरडतील, निघून जा म्हणतील, याची ती वाट बघत होती. तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"मंगळवारी माझा हात तुझ्या डोक्यावर होता," ते अखेर म्हणाले. "तवा तुला ठाऊक होतं?"

"होतं शेठजी."

"बिलकुल ठाऊक होतं?"

"होतं."

त्यांनी मान हलवली. "ते एकशे त्रेचाळीस आता किती झालेत?"

"दोनशे सहा."

"उद्या मला सगळी नावं पाहिजेत. गावासकट." जायला वळले, पुन्हा थांबले. "मला सांगितलंस. त्या सुनेला सांगितलंस का?"

ते उत्तरासाठी थांबले नाहीत.

नोकरी गेली नाही. हीरालाल आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. औरंगाबादचं गिऱ्हाईक त्यानं स्वतःच फोन करून सोडून दिलं. दोनशे सहा नावांची यादी घेऊन कौसल्या ट्रस्टच्या जीपनं गावोगाव फिरली. बहुतेक माणसं घरीच सापडली. कुणी म्हणालं फोन विहिरीत पडला, कुणी म्हणालं नंबर बदलला. दोघं वारले होते, डोळ्यांशी संबंध नसलेल्या आजारानं. रिपोर्टवर आता ब्याऐंशी-त्र्याऐंशी टक्के असत आणि खाली न पोचलेल्यांची सगळी नावं. पण घरी आल्यावर, जेवताना, मध्येच तिचा घास थांबायचा. नवऱ्यानं विचारलं तरी तिनं त्याला अर्धंच सांगितलं. वडिलांना तर काहीच नाही. त्यांनी स्टेजवरचा तिचा फोटो फ्रेम करून घरात लावला होता.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा अंतरवालीला गेली. या वेळी सुट्टी मागताना कारण खरं सांगितलं.

साळूबाई ओट्यावर बसल्या होत्या, डोळ्याला हिरवं कापड. आवाजावरून त्यांनी ओळखलं. "कारभाऱ्याची लेक आली गं नंदे."

नंदाबाई हसत बाहेर आली. ती चहा ठेवायला वळली तेव्हा कौसल्या म्हणाली, "वहिनी, आधी बसा. मला बोलायचंय."

तिनं कुणालाही कळेल अशा साध्या शब्दांत सांगितलं. तुमचा फोन दोन-तीनदा बंद लागला म्हणून मी तुमचं नाव यादीतून काढून टाकलं होतं. मंगळवारचा निरोप तुम्हाला पाठवलाच नव्हता. तुमची चूक नव्हती.

नंदाबाई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं.

"म्हंजी तुम्हाला मंगळवारी ठाऊक होतं, आमाला निरोप न्हाई म्हणून?"

"हो."

"आन् तुम्ही बेस्तरवारी आलात."

"हो."

"गाडीत मी तुमच्याशेजारी होते. दवाखान्यात मी चूक माझी म्हणले, तवा तुम्ही तिथंच उभ्या होत्या." नंदाबाईचा आवाज चढला नव्हता. "तवा का न्हाई बोलल्या?"

"लाज वाटली," कौसल्या म्हणाली.

"मलाबी वाटली," नंदाबाई म्हणाली. "पंधरा दिवस. गल्लीतल्या बायांनी इचारलं, सासूचं औषध बराबर टाकलं का न्हाई. नवऱ्यानं इचारलं. रात रात मी रेघा मोजल्या त्या कागदाच्या."

साळूबाईंनी चेहरा सुनेच्या बाजूला वळवला आणि चाचपत तिचा हात धरला. मग म्हातारी सुनेला म्हणाली, "उद्या पाण्यावर गेलीस की सगळ्या बायांना सांग. मोठ्यानं सांग."

"सांगते," नंदाबाई म्हणाली. ती उठली, आत गेली आणि बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

कौसल्या तशीच ओट्याच्या कडेला बसून राहिली. वडीगोद्रीकडं जाणारी जीप चारला होती आणि आत्ता तीन वाजले होते. साळूबाई तिच्याशी बोलल्या नाहीत आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. चार वाजता ती उठली, चप्पल घातली. "येते आजी," म्हणायचं तिच्या तोंडावर आलं, पण आपण पुन्हा यावं असं या घरात कुणाला वाटेल का, हे तिला ठाऊक नव्हतं. ती "जाते" म्हणाली आणि चौकाकडं चालू लागली.